टिचकीचा तराजू कोणाच्या हाती?

एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मसाला बाजारात शिरणाऱ्याला दुकाने दिसण्याआधी ठसका लागतो. बेडगी, संकेश्वरी, पांडी, काश्मिरी अशा मिरच्यांचे ढीग, शेजारी धणे, हळकुंडे, दगडफूल, आणि मागून डंकाचा अखंड ठोका. वर्षाचा मसाला करून घ्यायला आलेली गृहिणी भावावरून घासाघीस करते, मिरची मोडून तिचा रंग बघते, देठ किती आहेत ते पारखते. तराजूविषयी मात्र ती सहसा वाद घालत नाही. कारण त्या तराजूवर सरकारच्या वैधमापन यंत्रणेची मुद्रा असते आणि ठरावीक मुदतीने तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो. विकणाऱ्याचे माप विकणाऱ्याने स्वतःच प्रमाणित करायचे नाही, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही तत्त्व आहे हेही आपण विसरून गेलो आहोत.

आता समजा, याच बाजारातील एका दुकानदाराने आपला मालवणी मसाला पुण्या-नाशिकच्या गिऱ्हाइकांनाही घरपोच द्यायचे ठरवले आणि त्यासाठी इंटरनेटवर जाहिरात देण्याचा विचार केला. तेथे त्याला एक मोठे आकर्षक वाक्य ऐकवले जाते. जाहिरात दाखवण्याचे पैसे नाहीत. कोणी तिच्यावर टिचकी मारून तुमच्या संकेतस्थळावर आला, तरच पैसे. वृत्तपत्रातील जाहिरातीचे पैसे ती कोणी वाचो वा न वाचो द्यावेच लागतात. येथे मात्र एक पैसाही वाया जात नाही, असा हा दावा आहे.

हा दावा कितपत खरा आहे? या व्यवस्थेमागील गणित खरोखर चातुर्याचे आहे आणि त्याचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु येथे बाजाराचा मालक, लिलाव पुकारणारा आणि वजन करणारा हे तिघेही एकच आहेत. शिवाय ज्याचे वजन होते ती वस्तू आणि दुकानदाराला हवी असलेली वस्तू या दोन निराळ्या आहेत. आमचे म्हणणे एवढेच आहे. ते आकडेमोडीने पटते का, हे आता पाहू.

गिरगाव ते बॅलार्ड इस्टेट

जाहिरातीचे माप हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचा बराचसा इतिहास आपल्या मुंबईतच घडला आहे. १९०५ साली गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था सुरू झाली. भारतातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांत तिची गणना होते. अशा संस्थेचे काम मध्यस्थाचे असे. व्यापाऱ्यासाठी मजकूर तयार करायचा, वृत्तपत्रात जागा घ्यायची आणि त्याबद्दल दलाली मिळवायची. जागेचा भाव स्तंभाच्या रुंदीवर आणि सेंटिमीटरमधील उंचीवर ठरतो. छोट्या जाहिरातींचा भाव शब्दांवर किंवा ओळींवर. जागा मोजायला फूटपट्टी पुरते. तीत फसवणुकीला वाव नाही.

परंतु व्यापारी जागेसाठी पैसे देत नाही, वाचकांसाठी देतो. वृत्तपत्राच्या किती प्रती खपतात, हे कोणी सांगायचे? वृत्तपत्रानेच सांगायचे म्हटले तर प्रत्येकाचा खप सर्वांत मोठा! यावर उपाय म्हणून १९४८ साली मुंबईत ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली. बॅलार्ड इस्टेटमधील या संस्थेत प्रकाशक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था असे तिन्ही पक्ष सभासद असतात. खपाचे आकडे लेखापरीक्षकांकडून तपासून दर सहा महिन्यांनी प्रमाणित केले जातात. विकणारा, घेणारा आणि मध्यस्थ यांनी मिळून ठेवलेला हा तराजू म्हणता येईल.

असा तराजू नेहमी निर्दोषच असतो असे नव्हे. २०२० च्या ऑक्टोबरात दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकमापनात फेरफार झाल्याचे प्रकरण मुंबई पोलिसांनी नोंदवले आणि मापन करणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे काही काळ थांबवले. पुढे २०२४ मध्ये हा खटला मागे घेण्यास न्यायालयाने परवानगी दिली. खटल्याचे काय झाले यापेक्षा येथे महत्त्वाचे हे की, माप बिघडल्याची शंका येताच कोणाकडे बोट दाखवायचे आणि काय थांबवायचे हे ठाऊक होते. मोजणारा आणि विकणारा वेगळे होते म्हणूनच ते शक्य झाले.

लिलावाची युक्ती

इंटरनेटवरील पहिल्या पट्टीवजा जाहिराती १९९४ साली अमेरिकेत दिसल्या. त्यांचा भाव वृत्तपत्रासारखाच, म्हणजे जाहिरात किती वेळा दाखवली यावर होता. टिचकीप्रमाणे पैसे आणि जागेसाठी लिलाव ही जोडी १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने रूढ केली. एखाद्या शब्दासाठी जो जास्त बोली लावील त्याची जाहिरात वर, आणि टिचकी पडली की त्याने आपल्या बोलीइतके पैसे द्यायचे.

पद्धत सरळ होती, पण लवकरच तिचे वैगुण्य दिसले. दोघांची चढाओढ लागली की एक जण दुसऱ्याच्या वर अगदी थोडी रक्कम चढवी, दुसरा त्याच्यावर. हे चालता चालता एकाला परवडेनासे होई आणि तो एकदम खाली येई. मग वरच्यालाही एवढी बोली ठेवण्याचे कारण उरत नसे. तोही खाली उतरे आणि चढाओढ नव्याने सुरू होई. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसे.

गुगल या कंपनीने २००० च्या ऑक्टोबरात आपली जाहिरात योजना सुरू केली, तेव्हा ती दाखवण्याच्या संख्येवर आधारलेली होती. २००२ मध्ये तिने टिचकीचा लिलाव स्वीकारला, पण दोन सुधारणा करून. पहिली सुधारणा : क्रम केवळ बोलीवर न लावता, बोली आणि टिचकी पडण्याची शक्यता यांच्या गुणाकारावर लावायचा. दुसरी : जिंकणाऱ्याने स्वतःची बोली न देता, खालच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यापुरतीच रक्कम द्यायची. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या 'दुसऱ्या किमतीच्या' लिलावाशी या पद्धतीचे जवळचे नाते आहे. विक्री यांना पुढे १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

उदाहरण घेऊ. यातील सर्व आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. 'मालवणी मसाला' हे शब्द शोधणाऱ्यांसमोर जाहिरातीच्या दोन जागा आहेत आणि तीन दुकानदार इच्छुक आहेत.

क याची बोली टिचकीला १२ रुपये. त्याची जाहिरात १०० वेळा दाखवली तर २ टिचक्या पडतील असा अंदाज. गुणाकार २४.

ख याची बोली ८ रुपये. अंदाज १०० मागे ५ टिचक्या. गुणाकार ४०.

ग याची बोली ५ रुपये. अंदाज १०० मागे ४ टिचक्या. गुणाकार २०.

वरची जागा ख याला मिळेल, दुसरी क याला, आणि ग बाहेर राहील. सर्वांत मोठी बोली लावूनही क खाली गेला, कारण त्याच्या जाहिरातीकडे लोक फारसे वळत नाहीत. आता भाव पाहा. ख याला क याच्या २४ या गुणांच्या वर राहायचे आहे. २४ भागिले ५ म्हणजे ४ रुपये ८० पैसे. तेवढे (प्रत्यक्षात त्याहून किंचित जास्त) दिले की त्याचे काम झाले. क याला ग याच्या २० गुणांच्या वर राहायचे आहे. २० भागिले २ म्हणजे १० रुपये. वरच्या जागेला ४ रुपये ८० पैसे आणि खालच्या जागेला १० रुपये! लोकांना उपयोगी जाहिरात द्या, स्वस्तात पडेल. निरुपयोगी द्या, महागात पडेल. लोभाला शिस्त लावणारी ही योजना खरोखर सुंदर आहे.

मात्र येथे एक गैरसमज दूर करायला हवा. विक्री यांच्या मूळ लिलावात एकच वस्तू असते, आणि तेथे मनातील खरी किंमत सांगणे हाच प्रत्येकाच्या हिताचा मार्ग असतो. अनेक जागांच्या या लिलावात तसे राहत नाही, हे एडेलमन, ओस्ट्रोव्स्की आणि श्वार्झ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले. कधी कधी बोली थोडी कमी ठेवून खालच्या स्वस्त जागेवर समाधान मानणे अधिक फायद्याचे ठरते. तेव्हा 'जेवढे मोल वाटते तेवढी बिनधास्त बोली लावा, जास्त जाणार नाही' हा सल्ला पुरता खरा नाही.

अंदाज हाच तराजू

ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव होतो. तेथे टोपली समोर असते, बोली सर्वांना ऐकू येते आणि कोणी किती चढवले हे शेजारच्याला कळते. टिचकीच्या लिलावात यातले काहीच दिसत नाही. दुकानदाराला आपली बोली ठाऊक असते आणि शेवटी खात्यातून किती गेले ते कळते. मधला हिशेब बंद खोलीत होतो.

त्या हिशेबातील नाजूक जागा कोणती, हे आपल्या उदाहरणातच दिसते. ख याच्या जाहिरातीवर १०० मागे ५ टिचक्या पडतील हे कोणी ठरवले? कंपनीच्या संगणकाने. जाहिरात दाखवण्यापूर्वीच लिलाव होत असल्यामुळे हा आकडा मोजलेला नसून अंदाजलेला असतो. समजा, उद्या हा अंदाज ५ वरून ४ झाला. ख याचे गुण ८ गुणिले ४ म्हणजे ३२. तो अजून पहिलाच आहे. पण भाव आता २४ भागिले ४, म्हणजे ६ रुपये. कोणीही बोली वाढवली नाही, नवा स्पर्धक आला नाही. फक्त एक अंदाज बदलला आणि भाव २५ टक्क्यांनी चढला.

असा अंदाज मुद्दाम बदलला जातो असा आमचा आरोप नाही. अंदाज गिऱ्हाइकांच्या वागण्यावरून सतत सुधारला जातो, आणि तो शक्य तितका अचूक असण्यात कंपनीचाही स्वार्थ आहे. आमचा मुद्दा इतकाच की, तो बदलला तर का बदलला हे दुकानदाराला तपासता येत नाही. ही भीती अगदीच पोकळ नाही. अमेरिकी सरकारने गुगलविरुद्ध चालवलेल्या खटल्यात २०२३ च्या सप्टेंबरात कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने साक्ष दिली, की लिलावाच्या यंत्रणेत फेरबदल करून जाहिरातींचे भाव पाच टक्क्यांपर्यंत, प्रसंगी दहा टक्क्यांपर्यंतही वाढवले गेले आणि जाहिरातदारांना ते सांगितले गेले नाही. या खटल्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की शोधयंत्राच्या आणि त्यावरील मजकुरी जाहिरातींच्या बाजारात कंपनीने आपली मक्तेदारी बेकायदा टिकवली आहे. कंपनीला हा निष्कर्ष मान्य नाही.

पाच-दहा टक्के म्हणजे काही फार नव्हे, असे वाटेल. म्हणून ख याच्या गल्ल्याचा हिशेब करू. त्याला एका पुड्यामागे १२० रुपये नफा सुटतो आणि आलेल्या १०० जणांपैकी ५ जण पुडा घेतात, असे धरू. ४ रुपये ८० पैसे दराने १०० टिचक्यांचे झाले ४८० रुपये. पाच पुड्यांवर वाटले तर पुड्यामागे ९६. हाती उरले २४ रुपये. आता टिचकी ६ रुपयांची झाली. १०० टिचक्यांचे ६०० रुपये, पुड्यामागे १२०. हाती उरले शून्य. मसाला त्याने कुटला, पुड्या त्याने बांधल्या, पोस्टात त्याने टाकल्या. नफा मात्र सगळा जाहिरातीत गेला. मग तो पुड्याची किंमत वाढवतो, आणि जाहिरातीचा खर्च अखेर मसाला घेणाऱ्या घरावर पडतो.

कोंबडे झाकून पाहिले तेव्हा

आतापर्यंत आपण टिचकीच्या भावाबद्दल बोललो. खरा प्रश्न त्याहून खोल आहे. वरच्या हिशेबात 'जाहिरातीमुळे पाच जणांनी पुडा घेतला' असे आपण सहज धरले. ते पाच जण जाहिरातीवरून आले हे खरे. पण जाहिरातीमुळे आले हे कशावरून?

कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण सर्वांनी शिकवली आहे. कोंबडा आरवतो आणि मग उजाडते, हा क्रम रोज बरोबर असतो. या दोन घटनांची नोंदवही ठेवली तर त्यांचा संबंध शंभर टक्के जुळेल. तरीही उजाडण्याचे कारण कोंबडा नव्हे. हे सिद्ध करायचे असेल तर एके दिवशी कोंबडे झाकून पाहावे लागते. विज्ञानात ज्याला आपण नियंत्रित प्रयोग म्हणतो तो हाच.

ई-बे या मोठ्या विक्री-संकेतस्थळाने असे कोंबडे झाकले. ब्लेक, नॉस्को आणि तडेलिस या संशोधकांनी २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. लोक शोधयंत्रात 'ई-बे' हाच शब्द लिहीत, वर ई-बेची जाहिरात दिसे, तिच्यावर टिचकी पडे आणि ई-बेला पैसे मोजावे लागत. २०१२ मध्ये काही शोधयंत्रांवर ही जाहिरात बंद करून पाहिली. गमावलेल्या टिचक्यांपैकी ९९.५ टक्के टिचक्या खालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आल्या. म्हणजे जे येणारच होते त्यांच्यासाठी पैसे दिले जात होते. पुढे त्यांनी इतर शब्दांच्या जाहिराती देशाच्या काही भागांत बंद आणि उरलेल्या भागांत चालू ठेवून तुलना केली. नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम होत होता. पण बहुतांश खर्च नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या टिचक्यांवर होत होता, आणि त्यांच्या खरेदीत फरक पडत नव्हता.

यावरून 'जाहिरात व्यर्थ आहे' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ई-बे सर्वांना ठाऊक होते. लालबागचा आमचा दुकानदार नाशिकमध्ये कोणालाच ठाऊक नाही. त्याच्या बाबतीत नवी गिऱ्हाइके अधिक असतील आणि जाहिरात लाभदायकही ठरेल. परंतु त्याच्या पाच गिऱ्हाइकांपैकी दोघे दुकानाचे नाव लिहूनच आले असतील, तर जाहिरातीने आणलेले फक्त तीनच. ४८० भागिले ३ म्हणजे १६० रुपये, आणि नफा १२०. कागदावर २४ रुपयांचा लाभ दिसत होता तेथे जाहिरातीने आणलेल्या प्रत्येक पुड्यामागे ४० रुपयांचे नुकसान निघाले. कंपनीने दिलेल्या तक्त्यात हे नुकसान दिसणार नाही. तक्ता टिचक्या मोजतो, कारणे मोजत नाही.

संकेतस्थळाच्या मालकाची बाजू

या व्यवहाराला तिसरी बाजूही आहे. शोधयंत्राच्या पानाखेरीज इतरांच्या संकेतस्थळांवरही अशा जाहिराती दिसतात. २००३ मध्ये गुगलने ही सोय सुरू केली. संकेतस्थळाचा मालक पानावर जागा देतो, कोणती जाहिरात लावायची ते कंपनीचा संगणक मजकूर पाहून आणि लिलाव करून ठरवतो, आणि आलेल्या पैशांतील वाटा मालकाला मिळतो. हा वाटा बरीच वर्षे ६८ टक्के होता. २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीने नवी रचना जाहीर केली. तीनुसार मालकाला टिचकीऐवजी जाहिरात दाखवण्याच्या संख्येवर मोबदला मिळू लागला. एकूण वाटा साधारण तेवढाच राहील, असे कंपनीने सांगितले. याच जाहिरातींचा लिलाव त्याआधी, २०२१ मध्ये, 'दुसऱ्या किमती'वरून पुन्हा 'पहिल्या किमती'वर आणला गेला होता. नियम बदलण्याचा अधिकार बाजाराच्या मालकाचा. दुकानदाराने आणि जागा देणाऱ्याने फक्त ते पाळायचे.

परळच्या एखाद्या शिक्षकाने पदार्थविज्ञानाच्या सोप्या प्रयोगांचे मराठी संकेतस्थळ चालवले आहे असे समजू. १००० पाने उघडली गेली, त्यांत ५ टिचक्या, टिचकीला सरासरी ३ रुपये. झाले १५ रुपये. ६८ टक्के म्हणजे १० रुपये २० पैसे. पैसे हाती पडायला खात्यात १०० डॉलर जमावे लागतात. डॉलर ८५ रुपये धरला तर ८५०० रुपये. त्यासाठी सुमारे सव्वाआठ लाख पाने उघडली जायला हवीत. आकडे पुन्हा मानलेलेच आहेत. पण गुरुजींच्या प्रयोगांची किंमत कोणत्या टोकाला बसते, हे त्यांवरून ध्यानात यावे.

आणि हीच व्यवस्था 'गृहकर्ज', 'विमा', 'वकील' अशा शब्दांभोवतीच्या पानांना कितीतरी अधिक मोबदला देते. कारण एक गिऱ्हाईक मिळाले की जाहिरातदाराला हजारो रुपये सुटतात आणि तो बोलीही तशीच लावतो. कोणता विषय मुलांच्या उपयोगाचा, याचा या लिलावात कोठेच प्रवेश नाही. काय लिहावे हे कोणी हुकूम देऊन सांगत नाही. परंतु एका विषयाला दहा रुपये आणि दुसऱ्याला हजार मिळत असतील, तर हळूहळू कोणती पाने वाढतील हे सांगायला ज्योतिषी नको. भाषेचेही तसेच. मराठी मजकुराला या योजनेत अधिकृत स्थान मिळाले ते २०१८ मध्ये, म्हणजे योजना सुरू झाल्यावर पंधरा वर्षांनी. तोवर मराठीत लिहिणाऱ्याच्या श्रमाला या बाजारात अधिकृत मोलच नव्हते.

मग एखाद्या विद्यार्थ्याला वाटते, आपण सगळ्यांनी मिळून सरांच्या पानावरील जाहिरातींवर टिचक्या माराव्यात, सरांना चार पैसे मिळतील. हेतू चांगला, पण ही लबाडीच आहे. त्या प्रत्येक टिचकीचे पैसे कोण्या दुकानदाराच्या खिशातून जातात, आणि सरांचे खाते बंद होते ते वेगळेच.

झाकलेला तराजू

खोट्या टिचक्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. स्पर्धकाचे पैसे संपवण्यासाठी त्याच्या जाहिरातीवर टिचक्या मारणे, आपल्याच पानावर संगणकाकडून टिचक्या मारवून घेणे असे प्रकार आरंभापासून चालत आले. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात जाहिरातदारांनी केलेल्या दाव्यात गुगलने २००६ मध्ये ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. त्या वेळी न्यूयॉर्क विद्यापीठाचे अलेक्झांडर तुझिलिन यांनी कंपनीच्या गाळण-यंत्रणेचे स्वतंत्र परीक्षण केले. कंपनीचे प्रयत्न रास्त आहेत, असा त्यांचा अभिप्राय होता. पण त्यांनी एक मूलभूत अडचणही नोंदवली. कोणती टिचकी खोटी मानायची याचे नियम उघड केले, तर लबाड लोक ते वाचून त्यांना चुकवतील. उघड केले नाहीत, तर जाहिरातदाराने विश्वास कशावर ठेवायचा?

हा पेच खरा आहे आणि त्यात कोणाची बदमाशी गृहीत धरण्याची गरज नाही. मिरचीचा तराजू सर्वांसमोर उघडा ठेवला तरी तो बिघडत नाही. टिचकीचा तराजू उघडा ठेवला की बिघडतो. म्हणूनच येथे ग्राहकाने स्वतः पाहण्यापेक्षा, शपथबद्ध त्रयस्थाने आत जाऊन पाहणे अधिक आवश्यक ठरते. अमेरिकेत टिचक्या मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये ठरली आणि त्यांनुसार परीक्षण करून मान्यता देणारी माध्यममापन परिषदही तेथे आहे. हे स्वागतार्हच आहे. पण असे परीक्षण टिचक्यांच्या मोजणीचे असते. भाव कसा निघाला आणि ती टिचकी नसती तर गिऱ्हाईक आले असते की नाही, हे दोन प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतात. बॅलार्ड इस्टेटमध्ये १९४८ साली प्रकाशक आणि जाहिरातदार एका मेजाभोवती बसले, तसे टिचकीच्या भावासाठी बसण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

वर्गात काय करता येईल

या विषयावर केवळ बोलण्यापेक्षा दोन छोटे उपक्रम नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून पाहावेत.

पहिला लिलावाचा. सहा विद्यार्थी दुकानदार होतील. प्रत्येक जण आपली बोली चिठ्ठीवर लिहून घडी घालून देईल. एक जण कंपनी होईल आणि प्रत्येकाच्या जाहिरातीचा अंदाज स्वतःच्या वहीत गुप्त ठेवील. वर दिल्याप्रमाणे गुणाकार करून क्रम आणि भाव काढावेत. मग बोली तशाच ठेवून फक्त अंदाज बदलावेत आणि भाव पुन्हा काढावेत. दुकानदारांना भाव का बदलला हे ओळखायला सांगावे. त्यांची चिडचिड झाली की धडा समजला असे मानावे!

दुसरा कोंबडे झाकण्याचा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आसपासच्या वस्तीतून लोक यावेत म्हणून आपण भित्तिपत्रके लावतो. या वेळी जवळपासच्या चाळींची आणि इमारतींची यादी करावी. प्रत्येकीसाठी नाणे उडवावे. छाप पडला तर पत्रक लावायचे, काटा पडला तर नाही. प्रदर्शनाच्या दाराशी येणाऱ्याला फक्त कोणत्या चाळीतून आलात एवढेच विचारावे. पत्रक पाहिलेत का, हे विचारू नये. शेवटी दोन्ही गटांतील घरांच्या प्रमाणात आलेल्यांची तुलना करावी. फरक फारसा नसेल तर आपली पत्रके कोंबड्यासारखी होती. बराच असेल तर छपाईचे पैसे कारणी लागले. नाणे का उडवायचे, आपल्या आवडीच्या चाळी का निवडायच्या नाहीत, यावर वर्गात चर्चा व्हावी.

या प्रयोगाला लागतात एक नाणे, एक वही आणि दाराशी बसणारा एक विद्यार्थी. लालबागचा दुकानदारही हाच प्रयोग करू शकतो. एक महिना नाशिकमध्ये जाहिरात चालू आणि पुण्यात बंद, पुढच्या महिन्यात उलट. टिचक्या त्याने मोजू नयेत. किती पुडे कोणत्या गावी गेले ते पोस्टाच्या पावत्यांवरून मोजावे. तो तराजू तरी त्याचा स्वतःचा असेल.